तोफगोळ्याचा चौपट भाव आणि त्याचे वकील

नाटोच्या लष्करी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउअर यांनी २०२३ मध्ये एक आकडा उघडपणे सांगून टाकला. १५५ मिलिमीटरचा जो तोफगोळा युक्रेनवरच्या आक्रमणाआधी २,००० युरोंना मिळत होता, त्यालाच आता ८,००० युरो पडत होते. गोळ्यात सुधारणा काही झाली नव्हती. तेच पोलादी कवच, तीच स्फोटकं, तोच पल्ला. बाउअर यांचं दुखणं सरळ होतं. देश संरक्षणावर जादा पैसा ओतताहेत, पण त्या पैशातून जादा संरक्षण मिळेलच याची खात्री उरलेली नाही, कारण वाढीव रक्कम भावच गिळतो आहे.

या तक्रारीला जे उत्तर वारंवार दिलं जातं, त्याच्याशी माझं भांडण आहे. टंचाईत भाव चढणं हा बाजाराचा धर्म आहे, असं हे उत्तर सांगतं. चढलेला भाव ही उत्पादकाला घातलेली हाक असते. ती ऐकून तो नवी यंत्रं बसवतो, माल वाढतो, भाव आपोआप उतरतो. सरकारनं मध्ये हात घातला की माल दडतो. तेव्हा चौपट भावाला नफेखोरी म्हणणारे लोक एकतर अर्थशास्त्र न शिकलेले, नाहीतर नुसते भावनेच्या आहारी गेलेले. आपल्याकडे या उत्तराला एक देशी पुरवणीही जोडली जाते. पुणे, नागपूर, भंडारा, चंद्रपूर हा दारूगोळ्याच्या कारखान्यांचा पट्टा. जगाला गोळे हवेत, आपल्याकडे ते बनतात. मग येईल तो भाव घ्यावा, त्यात खंत कसली? संरक्षण कंपन्यांचे शेअर घेतलेल्या मध्यमवर्गीय घरांत हे वाक्य आता सहज ऐकू येतं.

हे म्हणणं नीतीच्या दृष्टीनं चूक आहेच, पण त्याआधी ते हिशेबानं चूक आहे. म्हणून आधी हिशेबाचंच बोलू.

भावाची वकिली करणारे नेहमी शेतमालाचा दाखला देतात. तोच घेऊ. लासलगावला कांदा कडाडला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, चार-पाच महिन्यांत माल बाजारात येतो आणि भाव पडतो. तिथे हाक ऐकणारे हजारो शेतकरी असतात, बी-रोपं मिळतात, आणि ग्राहक तोवर भाजीत कांदा कमी घालू शकतो. तोफगोळ्याच्या बाबतीत यातलं एकही खरं नाही. ग्राहक म्हणजे सरकार, दुसरं कोणी नाही. त्याला कमी घेण्याची मुभा नाही, कारण आघाडीवर गोळे कमी पडले की माणसं मरतात. विकणारे बोटांवर मोजण्याइतके. आणि माल वाढायला हंगाम पुरत नाही, वर्षं लागतात.

वर्षं का लागतात ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. अमेरिकी लष्कराचा एम-७९५ हा गोळा सुमारे ४७ किलो वजनाचा असतो आणि त्याच्या पोटात जवळपास ११ किलो टीएनटी भरलेलं असतं. अमेरिकेत टीएनटीचं उत्पादन १९८० च्या दशकातच बंद पडलं. पोलंडमधल्या बिडगोश्च शहरातला नायट्रो-केम हा युरोपातला टीएनटीचा मोठा उत्पादक, आणि अमेरिकाही त्याच्याकडून माल घेत आली आहे. केंटकी राज्यात नवा टीएनटी कारखाना उभारण्याचं ४३.५ कोटी डॉलरचं कंत्राट अमेरिकी लष्करानं दिलं ते २०२४ च्या नोव्हेंबरात. म्हणजे युद्ध पेटून पावणेतीन वर्षं झाल्यावर नुसतं कंत्राट झालं. भिंती, यंत्रं, परवाने, चाचण्या हे सगळं त्यानंतर.

हे झालं गोळा फोडणाऱ्या दारूचं. गोळा तोफेतून फेकणारी दारू वेगळी. तिच्यासाठी नायट्रोसेल्युलोज लागतं, आणि ते बनतं कापसाची रुई काढल्यावर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. ज्या तंतूकडे आपले कापूस उत्पादक कधी वळूनही पाहत नाहीत, त्याच्यासाठी युरोपचे दारूगोळा कारखाने मुख्यतः चीनवर अवलंबून आहेत, आणि चीन या युद्धात कोणाच्या जवळ आहे हे सांगायला नको. त्यापुढे फ्यूज, प्रायमर, कवचाचं घडाईकाम, भरणी, तपासणी. साखळीतली सगळ्यात अरुंद कडी जितकी चालेल तितकीच सगळी साखळी चालते. गोळ्याचा भाव चौपट केल्यानं बिडगोश्चचा कारखाना चौपट वेगानं चालू लागत नाही.

चालवून पाहावा असंही कोणी म्हणू नये. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं आणि किमान आठ कामगार दगावले. त्या अपघाताचं कारण काही का असेना, स्फोटकांच्या कामात माणसं कशी जातात हे विदर्भाला सांगावं लागत नाही. ‘भाव वाढला की उत्पादन वाढतं’ हे वाक्य लिहिताना त्या इमारतीत कोण उभं असतं याचा विचार लिहिणाऱ्यानं करायला हवा.

आता युरोपनं स्वतः काय अनुभवलं ते पाहा. युरोपीय संघानं मार्च २०२३ मध्ये बारा महिन्यांत युक्रेनला दहा लाख गोळे देण्याचा शब्द दिला. भाव तोवर चढलेलाच होता. हाक घालायची होती तेवढी बाजारानं घातली होती. जानेवारी २०२४ मध्ये संघाचे परराष्ट्र धोरणप्रमुख जोसेप बोरेल यांना सांगावं लागलं की मार्चअखेर ५ लाख २४ हजार गोळेच पोचतील. त्याआधी नोव्हेंबरात त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि माझ्या मते या सगळ्या वादात ती सर्वांत महत्त्वाची आहे. युरोपच्या संरक्षण उद्योगाचं जवळजवळ ४० टक्के उत्पादन संघाबाहेरच्या ग्राहकांना निर्यात होत होतं. तेव्हा अडचण केवळ क्षमतेची नव्हती. माल बनत होता, पण तो आधीच्या करारांनी बांधलेला होता.

याचा अर्थ काय? उत्पादन कुणाकडे जाणार हे ठरवलं होतं आधी केलेल्या करारानं. चौपट भाव घेऊन धावत आलेला ग्राहक रांगेत मागेच उभा राहिला. त्यात युरोपचे देश सुटे-सुटे आले, एकाच कारखान्यापुढे एकमेकांवर बोली चढवत. एकत्र खरेदीचं ठरलं तरी माल फक्त युरोपातलाच घ्यायचा की बाहेरचाही, यावर आठवडे गेले. अशा वेळी भाव चौपट झाला तर त्याला बाजाराची हाक म्हणणं म्हणजे आग लागल्यावर दारात झालेल्या चेंगराचेंगरीला शिस्त म्हणण्यासारखं आहे.

उत्पादकांची बाजू मी टाळत नाही. ते म्हणतात की आम्हाला आज मिळणारा चढा भाव नको, दहा वर्षांची ऑर्डर द्या. युद्ध संपल्यावर ही यंत्रं कोण चालवणार? हे म्हणणं अगदी रास्त आहे, आणि भावाची वकिली करणाऱ्यांच्या विरोधात जाणारं आहे. खुद्द कारखानदारच सांगतो आहे की भावावर विसंबून मी भिंत बांधत नाही. ब्रिटननं बीएई सिस्टिम्सशी दारूगोळ्याचा १५ वर्षांचा करार २०२० मध्येच केलेला होता. २०२३ मध्ये त्याच कराराच्या छत्राखाली २८ कोटी पौंडांची नवी ऑर्डर देऊन १५५ मिलिमीटर गोळ्यांची क्षमता आठपट करण्याचं ठरवता आलं. जर्मनीच्या ऱ्हाइनमेटालला जून २०२४ मध्ये ८५० कोटी युरोंपर्यंतची चौकट-ऑर्डर मिळाली. कारखाने उभे राहताहेत ते अशा कागदांच्या आधारावर.

पण लांबचा करार हा उत्तराचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे खर्चाच्या वह्या उघड्या करणं, आणि भाव मोकळा सोडा म्हणणारे सर्वांत जास्त बिचकतात ते त्यालाच. चौपट भावात महागलेल्या गॅसचा, विजेचा, रसायनांचा वाटा आहेच; तो कोणी नाकारत नाही. मात्र तो वाटा किती आणि अगतिकतेची वसुली किती, हे भावाच्या आकड्यात कधीच दिसत नाही. त्यासाठी कवचाच्या पोलादाचं बिल, भरणीच्या मजुरीचा तक्ता आणि यंत्राची घट पाहावी लागते. ‘बाजारानं ठरवलं’ असं म्हटलं की हे काहीच पाहावं लागत नाही.

हे पाहता येत नाही, युद्धात तर नाहीच नाही, असं सांगणाऱ्यांनी १९१५ चा ब्रिटन पाहावा. त्या वर्षी ९ मे रोजी फ्रान्समधल्या ऑबर्स रिजवर ब्रिटिश फौजेनं हल्ला केला. मेरठ डिव्हिजनचे भारतीय सैनिकही त्यात होते. तोफांचा मारा ४० मिनिटं झाला, काटेरी तारा बहुतेक शाबूत राहिल्या, आणि एका दिवसात सुमारे ११,००० माणसं मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. पाच दिवसांनी ‘टाइम्स’नं चार्ल्स रेपिंग्टन यांचा वृत्तान्त छापला: स्फोटक गोळे पुरेसे नव्हते. तोपर्यंत युद्ध खातं आपल्या ठरावीक बड्या कंपन्यांकडेच मागणी नोंदवत होतं. त्या कंपन्यांनी आपल्या कुवतीबाहेरच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या आणि माल वेळेवर येत नव्हता. भाव मात्र भरपूर होता.

या गदारोळातून दारूगोळ्याचं स्वतंत्र मंत्रालय निघालं आणि लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. त्यांनी जे केलं त्याला आजच्या भाषेत समाजवाद म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण त्या मंत्रालयात त्यांनी उद्योगपती आणि हिशेबनीसच भरले होते. ऑगस्ट १९१९ मध्ये त्यांनी संसदेत हिशेब मांडला. मंत्रालय सुरू झालं तेव्हा १८ पौंडी तोफेचा एक गोळा २२ शिलिंग ६ पेन्सना पडत होता. खर्चाची तपासणी बसवली, पडताळ्यासाठी सरकारी कारखाने उभे केले, आणि तोच गोळा १२ शिलिंगांवर आला. लुइस मशीनगन १६५ पौंडांवरून ३५ पौंडांवर आली. एकूण बचत त्यांनी ४४ कोटी पौंड सांगितली. याच काळात कायद्यानं ‘नियंत्रित’ ठरवलेल्या कारखान्यांना नफा युद्धापूर्वीच्या सरासरीच्या वर एक पंचमांशाइतकाच ठेवण्याची मुभा होती, आणि जादा नफ्यावरचा कर ५० टक्क्यांपासून १९१७ मध्ये ८० टक्क्यांवर गेला.

माल दडला का? नाही. जुलै १९१६ च्या सोमच्या लढाईआधीच्या आठवड्यात ब्रिटिश तोफांनी सुमारे १५ लाख गोळे डागले. त्यातले पुष्कळ फुटलेच नाहीत हेही सांगितलं पाहिजे. घाईनं उभ्या केलेल्या उत्पादनाची ती किंमत होती, आणि ती सैनिकांनी चुकवली. तरी भाव दाबला की कारखाने बंद पडतात हे भाकीत तिथे साफ खोटं ठरलं.

यावर एक हुशार प्रत्युत्तर येतं. भाव उतरला तो हिशेब तपासल्यामुळे नाही, लाखांनी उत्पादन झाल्यामुळे. मोठ्या संख्येनं बनवलं की कोणतीही वस्तू स्वस्त पडते. बरोबर, स्वस्त पडते, पण कुणाला? बनवणाऱ्याचा खर्च उतरला म्हणून घेणाऱ्याचा भाव उतरेलच असं नाही. स्पर्धक भरपूर असतील तर उतरतो. विकणारे मोजके आणि घेणारा घायकुतीला आलेला असेल तर खर्चातली सगळी घट विकणाऱ्याच्या खिशात राहते. ती बाहेर काढायला दोन गोष्टी लागल्या: गोळ्याला खरा खर्च किती येतो हे जाणणारा हिशेबनीस आणि तोच गोळा स्वतः बनवून दाखवणारा सरकारी कारखाना.

आता मोकळ्या भावाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा घेतो, कारण तो टाळून वाद जिंकण्यात अर्थ नाही. हा पुरावा अमेरिकेतल्या किरकोळ काडतूस बाजाराचा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे निर्बंध येतील या धास्तीनं लोकांनी दुकानं रिकामी केली. सरावासाठी वापरलं जाणारं .२२ चं साधं काडतूसही पुढे बराच काळ दुर्मीळ झालं. वॉलमार्टनं भाव न वाढवता गिऱ्हाइकाला दिवसाला तीन खोक्यांची मर्यादा घातली. परिणाम असा झाला की दुकान उघडण्याआधी रांगेत उभे राहणारे ती खोकी उचलून बाहेर कितीतरी जास्त भावानं विकू लागले. मोकळ्या भावाचे पुरस्कर्ते म्हणतात, भाव गोठवून दुकानदारानं फक्त दलालाचं पोट भरलं. हे मला मान्य आहे. नुसता भाव गोठवणं हा उपाय नाही, आणि मी तो मागतही नाही.

पण त्याच अमेरिकेची पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २०१६ नंतर धास्ती ओसरली, मागणी घसरली आणि रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसं बनवणारी जुनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यातून बाहेर येते तोच २०२० ची साथ आली, दंगली झाल्या आणि त्या वर्षी बंदुकांसाठीच्या पार्श्वभूमी-तपासण्या जवळपास ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाचा भाव कित्येक पटींनी वाढला. आणि त्याच वर्षीच्या जुलैत रेमिंग्टन पुन्हा दिवाळखोरीत गेली! आर्कान्सामधला तिचा मोठा काडतूस कारखाना टंचाईच्या ऐन भरात लिलावात निघाला. भावाची हाक इतकी मोठी असताना असं कसं झालं? कारण कारखाना चालतो तो सततच्या मागणीवर, आणि भीतीनं केलेली खरेदी ही सततची मागणी नसते. आज दामदुप्पट, उद्या शुकशुकाट, या चक्रात कोणताही शहाणा उत्पादक नवं यंत्र बसवायला कचरतो. त्यात अफवाही भाव चढवतात. गृहसुरक्षा खातं अब्जावधी काडतुसं दडवतं आहे असं सँडी हूकनंतरच्या टंचाईत लाखो लोकांनी मानलं होतं. संसदेच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी २०१४ मध्ये तपासून सांगितलं की २०१३ च्या वर्षात त्या खात्यानं ८ कोटी ४० लाख काडतुसं घेतली, आणि देशाच्या अंदाजे एक हजार कोटींच्या उत्पादनात ती एक टक्काही नव्हती. वह्या तपासल्यावरच ती भीती निराधार असल्याचं कळलं.

आपल्या देशाला हे सगळं दुरून पाहण्याची चैन नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय तोफांनी अडीच लाखांच्या आसपास गोळे डागले. साठा अपुरा होता, बाहेर धावाधाव झाली. तातडीनं मागवलेला बहुतांश माल युद्ध थांबल्यावर येऊन पोचला, हे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, नोंदवलं आहे. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्या काळात पुरवठादार देशांनी आपली होता होईल तितकी पिळवणूक केली. एका देशाकडे दारूगोळा मागितला तर १९७० च्या दशकातला माल हाती ठेवला गेला. बाजाराच्या धर्माची महती गाणाऱ्यांनी हे वाचून सांगावं की त्या वेळी भारतानं मोजलेला चढा भाव द्रास किंवा बटालिकच्या आघाडीवर कोणत्या कामी आला. तो धडा नंतरही पुरता घेतला गेला नाही. ४० दिवसांच्या युद्धाचा साठा ठेवण्याचा दंडक असताना दारूगोळ्याच्या १७० पैकी १७ प्रकारांतच तो पुरा होता आणि ८५ प्रकार दहा दिवसही पुरले नसते, ही मार्च २०१३ ची स्थिती कॅगनं २०१५ मध्ये संसदेपुढे ठेवली.

म्हणून ‘आता आपली पाळी, आपण भाव घेऊ’ हे वाक्य मला अस्वस्थ करतं. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे, कवचं घडवणारी यंत्र इंडिया नागपुरात. त्यांनी निर्यात करावी, नफा कमवावा, भंडाऱ्याच्या कामगाराला त्यातून सुरक्षित इमारत मिळावी, हे मला मनापासून हवं आहे. पण निर्यातीचा सौदा जर टंचाईच्या चढ्या भावावर, वर्षा-दोन वर्षांच्या ऑर्डरींवर बेतला, तर आपलीही गत रेमिंग्टनसारखी होईल. आणि आपल्याच लष्कराचा हिस्सा करारात आधी राखून ठेवला नाही, तर बोरेल यांच्यासारखं आपल्या संरक्षणमंत्र्यालाही एक दिवस सांगावं लागेल की माल बनतो, पण तो दुसऱ्याचा आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, गुप्ततेचा. दारूगोळ्याचा खर्च उघडा केला तर शत्रूला क्षमता कळेल, असं म्हणतात. खर्चाच्या वह्या वर्तमानपत्रात छापा असं कोणी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्यान्वये, निविदेशिवाय दिलेल्या संरक्षण कंत्राटांत पुरवठादाराला आपला खर्च दाखवावा लागतो, तो रास्त आहे हे पटवावं लागतं, आणि नफ्याचा पायाभूत दर एक स्वतंत्र नियामक सुचवतो. त्यातून शत्रूच्या हाती काही लागल्याचं कोणी म्हटलेलं नाही. आपल्याकडे आयुध निर्माणी मंडळाच्या काळात लष्कराला माल उत्पादनखर्चावरच दिला जाई, म्हणजे खर्च मांडण्याची पद्धत कारखान्यांना नवी नाही. ती कंपनीकरणात विसरली जाऊ नये. लष्कराला विकलेल्या प्रत्येक गोळ्याचा खर्चतक्ता, सरकारी कंपनी असो की खासगी, कॅगच्या लेखापरीक्षकांना पाहता आला पाहिजे. आणि दारूगोळ्याची ऑर्डर किमान दहा वर्षांची, दरवर्षीचा किमान उठाव लिहून दिलेली असली पाहिजे. या दोन अटी कंत्राटात घालायला युद्धाची वाट पाहावी लागत नाही. संरक्षण मंत्रालय पुढच्या निविदेपासून त्या घालू शकतं.